पाणबुडी आणि तिचे कारागीर



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस विषय विचारला आणि आम्ही 'पाणबुडी' असे सांगितले, तेव्हा ते क्षणभर गप्पच राहिले. मग हसून म्हणाले, "अहो, आमच्या शिवगंगेला वैशाखात गुडघाभरसुद्धा पाणी राहत नाही. नसरापुरात पाणबुडी कुठे बुडवायची?" प्रश्न रास्त होता. ज्या गावाहून समुद्र पाहायचा तर सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो, त्या गावच्या लोकांनी वसंतातली एक संध्याकाळ पाण्याखाली चालणाऱ्या नौकेसाठी का खर्चावी?

याचे आम्हांस सुचलेले उत्तर आपल्या बनेश्वराच्या देवळात टांगलेले आहे. तिथल्या मोठ्या घंटेवर क्रूसाचे चिन्ह आणि १६८३ हा सनाचा आकडा आहे, हे आपण सर्वांनी लहानपणापासून पाहिले आहे. चिमाजीअप्पांनी वसई घेतली त्या मोहिमेतून ती घंटा आली असे सांगतात. म्हणजे समुद्रकाठच्या लढाईचा आवाज आपण रोज देवदर्शनाच्या वेळी ऐकतो, फक्त तो समुद्राचा आहे हे विसरतो. सिंहगडाच्या पलीकडे खडकवासल्याच्या तलावात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील नौदलाचे विद्यार्थी होड्या चालवायला शिकतात. लोणावळ्यास 'शिवाजी' या नावाच्या नौदलाच्या तळावर जहाजांची इंजिने सांभाळणारे अधिकारी व खलाशी तयार होतात. डोंगर आणि समुद्र यांच्यातले अंतर आपण समजतो तेवढे मोठे नाही.

तेव्हा आज आम्ही आपणांस 'शिशुमार' वर्गाच्या चार पाणबुड्यांची हकीकत सांगणार आहोत. दोन जर्मनीत बांधल्या गेल्या आणि दोन आपल्या मुंबईत, माझगाव गोदीत. हकीकत नौकांची आहे खरी. पण ती ऐकून झाल्यावर नौकांपेक्षा त्या बांधणारे हातच आपल्या मनात राहिले, तर आमचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.

प्रथम पाणबुडी म्हणजे काय ते पाहू. बुडणे हे काही मोठे कौशल्य नव्हे, दगडही बुडतो. पाणबुडीच्या अंगात मोठाल्या टाक्या असतात. त्यांत समुद्राचे पाणी घेतले की ती जड होऊन खाली जाते. दाबलेली हवा सोडून ते पाणी बाहेर हाकलले की ती हलकी होऊन वर येते. खरी अडचण खाली गेल्यावर सुरू होते. डिझेलचे इंजिन चालायचे तर त्याला माणसासारखीच हवा लागते. पाण्याखाली हवा आणायची कुठून? म्हणून या नौकांना दोन प्रकारची यंत्रे असतात. वर असताना डिझेल इंजिने चालवून वीज तयार करायची आणि ती बॅटऱ्यांत साठवायची. खाली गेल्यावर इंजिने बंद करून त्या साठवलेल्या विजेवर मोटर फिरवायची. वीज संपत आली की पुन्हा पृष्ठभागाजवळ यायचे, एक नळी पाण्याबाहेर काढून हवा आत ओढायची, आणि बॅटऱ्या भरून पुन्हा खाली. या नळीला 'स्नॉर्केल' म्हणतात.

'शिशुमार' हे नाव ज्याने सुचवले त्याचे आम्हांस कौतुक वाटते. शिशुमार म्हणजे गंगेत सापडणारा सूस. तो मासा नव्हे. पाण्यात राहतो, पाण्यातच शिकार करतो, पण श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. डिझेल पाणबुडीचे सारे सामर्थ्य आणि सारी दुर्बलता या एका नावात आली आहे. ती खाली असते तोवर तिला शोधणे फार कठीण, कारण विजेची मोटर जवळजवळ निःशब्द चालते. ती श्वास घ्यायला वर आली की शत्रूला तिची चाहूल लागते. म्हणून पाणबुडीच्या कप्तानाला पैसे मोजून खर्च करणाऱ्या गृहिणीसारखी वीज मोजून खर्च करावी लागते. सावकाश गेले तर साठा काही दिवस पुरतो. पूर्ण वेगाने पळाले तर एकदोन तासांत संपतो. वेग दुप्पट केला तर विजेचा खर्च दुप्पट होत नाही, सुमारे आठपट होतो. पाण्याचा हिशेब असा कडक आहे.

विशाखापट्टणच्या समुद्रकिनाऱ्यावर 'कुरसुरा' नावाची जुनी पाणबुडी वाळूवर आणून तिचे संग्रहालय केले आहे. आम्ही ती आत जाऊन पाहिली. एका दालनातून दुसऱ्यात जायचे तर पोलादी भिंतीतल्या गोल भोकातून आधी पाय, मग डोके घालून जावे लागते. बिछाने एकावर एक. माणूस कुशीवर वळला तर खांदा वरच्या फळीला लागेल असे. सुमारे पाऊणशे माणसे महिना महिना तिथे राहत असत. आमच्या मागे एक आजोबा नातवाला घेऊन चालले होते. नातवाने विचारले, "आजोबा, खिडकी कुठे आहे?" आजोबांना उत्तर सुचेना. पाणबुडीला खिडकी नसते, श्रोतेहो. आतल्या माणसाने बाहेरचे जग कानांनी ओळखायचे असते.

ही 'कुरसुरा' आपल्या पहिल्या तांड्यातली. ८ डिसेंबर १९६७ रोजी सोव्हिएत संघात बांधलेली 'कलवरी' भारतीय नौदलात दाखल झाली आणि आपले पाणबुडी दल जन्मास आले. १९७४ पर्यंत अशा आठ आल्या. पाणबुडी म्हणजे काय हे देशाला मात्र १९७१ च्या युद्धात कळले, तेही फार कडू रीतीने. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. 'हंगोर' हीदेखील डिझेलवर चालणारी, फ्रान्सकडून घेतलेली पाणबुडी होती. न दिसणाऱ्या एका नौकेने एवढे केले. ज्यांना हे पाण्याखालचे युद्ध समजत नाही त्यांनी समुद्रावर निर्धास्त राहू नये, हा त्या रात्रीचा धडा होता.

तो धडा घेऊन पुढील दहा वर्षांत एक विचार पक्का झाला: नौका विकत आणणे पुरे नाही, ती बांधता आली पाहिजे. ११ डिसेंबर १९८१ रोजी जर्मनीतील कील शहरच्या एच.डी.डब्ल्यू. या जहाज कारखान्याशी करार झाला. पहिल्या दोन पाणबुड्या त्यांनी कीलला बांधायच्या. पुढच्या दोन मुंबईत माझगाव गोदीत बांधायच्या. आराखडे व सामग्री त्यांची, हात आपले. आणखी दोनांची सोय करारात राखून ठेवली होती.

या नौकेचा मूळ आराखडा त्या वेळी जगात नावाजलेला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीला मोठ्या पाणबुड्या बांधण्यास मनाई होती. तेव्हा उल्रिख गाब्लर या अभियंत्याच्या ल्यूबेक येथील कचेरीने आटोपशीर, थोड्या माणसांत चालणाऱ्या पाणबुड्यांचे आराखडे काढले. त्यांतला 'प्रकार २०९' हा केवळ परदेशांसाठी होता. जर्मन नौदलाने तो स्वतः कधी वापरला नाही. १९७१ साली पहिली अशी पाणबुडी ग्रीसला मिळाली, आणि पुढे निरनिराळ्या देशांसाठी साठाहून अधिक बांधल्या गेल्या. आपला करार झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, फॉकलंड बेटांच्या युद्धात अर्जेंटिनाच्या 'सान लुईस' या एकट्या २०९ पाणबुडीने ब्रिटिश आरमाराला सतत धास्तावून ठेवले. तिच्या टॉर्पेडोंनी दगा दिला आणि एकही नेम लागला नाही. तरीसुद्धा तिच्या शोधापायी ब्रिटिशांचा पुष्कळ दारूगोळा पाण्यात गेला.

आपल्यासाठी हा आराखडा मोठा करण्यात आला. लांबी सुमारे ६४ मीटर, रुंदी साडेसहा मीटर, पाण्याखालचे वजन १,८५० टन. चार डिझेल इंजिने, एक मोठी विद्युत मोटर, एकच पंखा. टॉर्पेडो सोडण्याच्या आठ नळ्या आणि चौदा टॉर्पेडो. पाण्याखाली ताशी २२ सागरी मैलांपर्यंत वेग. जुन्या सोव्हिएत पाणबुडीवर पाऊणशे माणसे लागत, इथे चाळीस. आणि एक गोष्ट मुद्दाम मागून घेतलेली: नौकेच्या पोटात बसवलेला पोलादी गोल. नौका तळाशी अडकली तर सर्व चाळीस जणांनी या गोलात शिरायचे, आतून दार लावायचे, आणि गोल सुटा होऊन वर तरंगत यायचा. शेतकरी विहिरीत माणूस उतरवताना आधी दोर बळकट आहे का ते बघतो, तसाच हा विचार. आमच्या मते नौकेच्या सर्व यंत्रांत ही योजना सर्वांत सुसंस्कृत.

'शिशुमार' आणि 'शंकुश' कीलला १९८२ साली सुरू झाल्या आणि १९८६ च्या सप्टेंबर व नोव्हेंबरमध्ये नौदलात दाखल झाल्या. सुमारे चार वर्षे लागली. आता मुंबईकडे वळू.

माझगावची गोदी काही नवशिकी नव्हती. त्या जागी पहिली लहान गोदी १७७४ साली झाली. मुंबईच्या वाडिया घराण्याने सागवानाची बांधलेली जहाजे इंग्रजांच्या आरमारात नावाजली गेली. १८१७ साली पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाहता येते. १९६० साली माझगाव गोदी सरकारने घेतली आणि १९७२ साली तिथली पहिली मोठी युद्धनौका 'नीलगिरी' नौदलात गेली. पण पाणबुडी म्हणजे निराळेच काम. ते निराळे का, हे समजले की बाकीची हकीकत समजेल.

समुद्रात दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब वातावरणाच्या एका पटीने वाढतो. अडीचशे मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटर पोलादावर सुमारे अडीचशे टन भार पडतो. एखाद्या जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेवर एस. टी. च्या वीस-पंचवीस रिकाम्या गाड्या रचून ठेवल्या आहेत अशी कल्पना करा. आणि अशी टेबले नौकेच्या सर्वांगावर. हा भार सोसणारे आतले कवच पोलादाच्या गोल कड्या एकीला एक जोडून करतात. कडी अगदी गोल हवी. थोडी जरी चपटी झाली तरी तिची ताकद झपाट्याने घटते. आणि कडीला कडी जोडणारा सांधा पोलादाइतकाच मजबूत हवा. हा सांधा वेल्डर घालतो.

आपल्याकडे नसरापूर फाट्यावर, खेड-शिवापूरला, शिरवळला वेल्डिंगची दुकाने पुष्कळ. ट्रॉलीचा सांधा घालणारा कारागीर आम्हांस कमी लेखायचा नाही. पण या जातीच्या कणखर पोलादाची खोड अशी की ते जोडण्यापूर्वी ठरलेल्या अंशापर्यंत तापवावे लागते. वेल्डिंगच्या कांडीला किंचितही ओल राहिली तर त्या ओलीतला हायड्रोजन सांध्यात शिरतो. सांधा आज सुरेख दिसतो. दोन दिवसांनी आतल्या आत केसासारखा तडा जातो. डोळ्यांना तो दिसत नाही. म्हणून क्ष-किरणांनी सांधे तपासतात, दोष सापडला तर तो सांधा कोरून काढतात आणि पुन्हा भरतात. मुंबईच्या दमट हवेत हे काम किती जपून करावे लागत असेल याचा विचार करा. शिवाय वेल्डर उताणा पडून, अडचणीत वाकून, गरम पोलादाजवळ तासन् तास काम करत असतो. ते कौशल्य पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. ते मनगटात असते, आणि मनगटात राहायचे तर रोज वापरावे लागते.

माझगावची माणसे कीलला जाऊन शिकून आली. तरी पहिल्या पाणबुडीला, 'शल्की'ला, अडचणी आल्याच. कवचाच्या वेल्डिंगने पुष्कळ वेळ खाल्ला. १९८४ साली सुरू झालेली 'शल्की' १९८९ मध्ये पाण्यात उतरली आणि ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात दाखल झाली. जर्मनांना चार वर्षे लागली, आपल्याला जवळजवळ आठ. त्या काळी यावर टीका झाली. ती अगदी अन्यायाची होती असे नाही. पण टीकाकारांनी पुढचा आकडाही पाहायला हवा होता. दुसरी नौका 'शंकुल' १९८९ च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि २८ मे १९९४ रोजी दाखल झाली. पावणेपाच वर्षे! आठाचे पावणेपाच झाले. पोलाद तेच, आराखडा तोच, मुंबईची हवा तीच. बदलले ते हात. एकदा केलेले काम त्यांनी दुसऱ्यांदा केले, एवढाच फरक.

तिसरी आणि चौथी केली असती तर कदाचित जर्मनांच्या बरोबरीला आलो असतो. पण तिसरी झालीच नाही.

१९८७ साली या व्यवहारात दलाली दिली गेल्याचे आरोप झाले. चौकशी लागली, राजकारण ढवळून निघाले. करारात राखून ठेवलेल्या पाचव्या आणि सहाव्या नौकेचा विचार मागे पडला आणि त्या कधीच झाल्या नाहीत. आरोपांच्या खरेखोटेपणाचा निवाडा करण्यास हे व्यासपीठ नव्हे. सार्वजनिक पैशाचा हिशेब कसून मागितलाच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात यत्किंचितही शंका नाही. आम्हांस बोलायचे आहे ते निराळ्या गोष्टीबद्दल. व्यवहारावर संशय आला, आणि शिक्षा मात्र भोगली ती कारागिरीने. ज्या वेल्डरचा त्या व्यवहाराशी काडीचाही संबंध नव्हता, ज्याने आठ वर्षे घाम गाळून मनगट तयार केले, त्याच्या पुढ्यात 'शंकुल'नंतर नव्या पाणबुडीची कडी आली नाही.

श्रोतेहो, कारखाना बंद पडला की लोकांना दिसते. कुलूप दिसते, गंजलेले फाटक दिसते. विद्या बंद पडली की काही दिसत नाही. गोदी चालूच होती. तिथे विनाशिका बांधल्या जात होत्या, भोंगा वेळेवर वाजत होता. फक्त पाणबुडीचे सांधे घालणारी माणसे एकेक करून दुसऱ्या कामावर गेली, काही निवृत्त झाली, आणि त्यांच्या हाताखाली कोणी नवे शिकले नाही. आमच्या लहानपणी गावात एक म्हातारा चाकाची लोखंडी धाव चढवीत असे. धाव लाल झाली की पाणी केव्हा ओतायचे ते त्याला रंगावरून कळे. रबरी चाके आली, त्याचे काम गेले. त्याच्याबरोबर तो रंग ओळखणारा डोळाही गेला. बैलगाडीच्या बाबतीत आपण म्हणू, असो, काळ बदलला. पाणबुडीची गरज मात्र संपली नव्हती. शिकलेली माणसे तेवढी पांगली.

पुढे १९९९ साली सरकारने पाणबुड्या बांधण्याची तीस वर्षांची योजना मंजूर केली. ऑक्टोबर २००५ मध्ये फ्रान्सच्या कारखान्याशी 'स्कॉर्पिन' जातीच्या सहा पाणबुड्या माझगावला बांधण्याचा करार झाला. अंदाजे खर्च १८,८०० कोटी रुपये. तो पुढे २३,५०० कोटींवर गेला. पहिली नौका २०१२ साली मिळायची होती. ती 'कलवरी' १४ डिसेंबर २०१७ रोजी मिळाली. पाच वर्षे उशीर. हा सारा उशीर हात विसरल्यामुळे झाला असे म्हणणे खोटे होईल. आराखडा नवा होता, यंत्रसामग्रीची खरेदीही रेंगाळली. पण गोदीला पाणबुडीचे काम पुन्हा पाटीवर श्रीकार काढण्यापासून शिकावे लागले, हे खरे आहे.

या खंडाची किंमत केवळ रुपयांत मोजून भागत नाही. जुलै २००० पासून डिसेंबर २०१७ पर्यंत, सतरा वर्षांहून अधिक काळ, आपल्या नौदलात एकही नवी डिझेल पाणबुडी आली नाही. जुन्याच नौका पुन्हा पुन्हा दुरुस्त करून समुद्रात पाठवाव्या लागल्या. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या गोदीत 'सिंधुरक्षक' स्फोट होऊन बुडाली. अठरा जण आत होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये 'सिंधुरत्न'वर धूर कोंडून दोन अधिकारी गेले आणि नौदलप्रमुख देवेंद्रकुमार जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन त्याच दिवशी पद सोडले. या दोन्ही नौका रशियन बनावटीच्या. प्रत्येक अपघाताचे कारण निराळे असते, आणि नौका जुनी म्हणूनच तो झाला असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु तरुण माणसांना पाण्याखाली पाठवायचे, तर त्यांच्या डोक्यावरचे पोलाद आणि पायाखालच्या बॅटऱ्या वेळेवर बदलण्याची सोय देशात असावी, एवढे म्हणण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

शिशुमार वर्गाच्या चौघींनी या लांबलेल्या काळात काय केले? त्या राबत राहिल्या. मुंबईचा तळ, अरबी समुद्राची गस्त, दुरुस्ती, पुन्हा गस्त. पाणबुडीच्या नोकरीचे वैशिष्ट्य असे की ती उत्तम झाली तर तिची बातमीच होत नाही. बातमी होते ती संकटाची. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईपासून दूर, ऐन पावसाळ्याच्या खवळलेल्या समुद्रात 'शंकुश'वर बिघाड झाला. दुरुस्तीसाठी बाहेर गेलेले सहकारी लाटांत सापडले. त्यांना वाचवण्यासाठी नौकेचे दुय्यम अधिकारी लेफ्टनंट कमांडर फिरदौस मोगल बाहेर आले. सहकारी वाचले, ते वाचले नाहीत. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र देण्यात आले. तीच 'शंकुश' जून २०२३ मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी माझगाव गोदीकडे सोपवण्याचा २,७२५ कोटी रुपयांचा करार झाला. कीलला जन्मलेल्या नौकेचे आयुष्य मुंबईच्या हातांनी वाढवावे, याचा अर्थ ते हात पुन्हा तयार झाले आहेत.

ते कसे तयार झाले, त्याचा पुरावा पुन्हा आकड्यांतच पाहा. 'कलवरी'ला अकरा वर्षे लागली. पण नंतर 'खांदेरी' २०१९ साली, 'करंज' आणि 'वेला' एकाच वर्षी २०२१ मध्ये, 'वागीर' २०२३ च्या जानेवारीत, आणि सहावी 'वाघशीर' १५ जानेवारी २०२५ रोजी. पहिली रडतखडत, पुढच्या ओळीने. 'शल्की' आणि 'शंकुल' यांनी जे सांगितले होते तेच या सहा जणींनी पुन्हा सांगितले. या नौकेत प्रत्येकी सुमारे ७५० किलो वजनाचे ३६० घट असतात, आणि ते आपल्या देशात तयार झालेले आहेत. गुणाकार केला तर २७० टन होतात. म्हणजे नौकेच्या वजनाचा सहावा हिस्सा केवळ साठवलेली वीज! श्वास न घेता अधिक काळ खाली राहता यावे यासाठी अंबरनाथ येथील संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी हवेवाचून वीज करणारी यंत्रणा तयार केली, आणि ती या पाणबुड्यांत बसवण्याचा करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला. सुसाला पाण्याखालीच श्वास घ्यायला शिकवण्याचा हा उद्योग आहे.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? पैसे मोजून तयार नौका आणाव्यात. आणता येतात, आपण आणल्याही. पण विकत आणलेली नौका विकणाऱ्याच्या मर्जीवर जगते. सुटा भाग त्याचा, दुरुस्तीची वेळ त्याची, किंमत त्याची. दुसरा कोणी म्हणेल, मग गैरव्यवहाराकडे डोळेझाक करायची काय? मुळीच नाही. घरात चोर शिरल्याचा संशय आला तर चोर शोधावा. चूल विझवून ठेवू नये. चौकशी आपल्या वाटेने चालावी, काम आपल्या वाटेने. या दोन वाटा वेगळ्या ठेवता आल्या नाहीत, ही आपली चूक झाली, आणि ती एका पक्षाची किंवा एका सरकारची नव्हती. आपल्यालाही, वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना, आरोपाची बातमी हवी होती. गोदीतल्या रिकाम्या झालेल्या पाटाची चौकशी आपण केली नाही.

२०२५ साली पुढच्या सहा पाणबुड्यांसाठी माझगाव गोदी आणि कीलचा तोच जुना कारखाना, आता नव्या मालकीखाली, यांच्यासह वाटाघाटी सुरू झाल्या. चव्वेचाळीस वर्षांनी आपण पुन्हा त्याच दारात उभे राहिलो. यात शरमेचे काही नाही. शिकण्यासाठी कुणाच्याही दारात जावे. मात्र या वेळी शिकलेले विसरायचे नाही, एवढी खूणगाठ बांधून जावे. 'वाघशीर' झाल्यावर मोकळे झालेले वेल्डर पुढच्या कडीची किती वर्षे वाट पाहतात, यावर आपण लक्ष ठेवले पाहिजे.

शेवटी 'खांदेरी' या नावाबद्दल एक शब्द. हे थळजवळच्या समुद्रातल्या किल्ल्याचे नाव. ज्या राजाने इथून जवळच्या राजगडावर बसून राज्य उभारले, त्यानेच १६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी याला त्या ओसाड खडकावर तट बांधायला पाठवले. इंग्रजांनी मोठी जहाजे आणून वेढा घातला. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ. पण रात्रीच्या अंधारात त्या जहाजांच्या मधून निसटत आणि बेटावर धान्य, दारूगोळा, चुना पोचवीत. तट चढतच राहिला. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी नाद सोडला. त्या लढाईत तोफा दोन्हीकडे होत्या. पण वेढा पडला असताना ज्यांनी बांधकाम थांबू दिले नाही, त्यांच्यामुळे ते बेट राहिले.

आपल्यापैकी कोणाचा मुलगा किंवा मुलगी भोरला तंत्रशाळेत फिटरचे, वेल्डिंगचे काम शिकत असेल. घरी पाहुणे आले की आपण थोडे खालच्या आवाजात सांगतो, "नाही, इंजिनिअरिंगला नाही गेला, वेल्डिंग शिकतोय." यापुढे तो आवाज खाली आणू नका, एवढीच आमची विनंती आहे. अडीचशे मीटर पाण्याखाली चाळीस माणसे झोपलेली असतात, ती अशाच कोणाच्या तरी सांध्यावर विश्वास ठेवून.